शब्दपत्रक, आवृत्ती चौथी

६ जानेवारी

ताई,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना, म्हणून नुसतंच ताई. नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. सगळे आपापल्या जागी आहेत, आणि तुझं विमान माझ्या टेबलावर आहे.

परवाना कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण बसतो. यंत्रं तपासणारे खाली, आम्ही वरचे लोक शब्द तपासतो. वैमानिकाच्या हातात जी उड्डाण-पुस्तिका जाते, तिचं एकेक वाक्य आमच्यापैकी कुणीतरी वाचतं आणि त्याची सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन जागचं हलत नाही. नवी पुस्तिका आली की ज्याचं टेबल रिकामं दिसेल त्याच्यापुढे शिपाई ती टाकून जातो. सोमवारी माझं टेबल रिकामं होतं. खोटं कशाला बोलू, शुक्रवारी हातातली दोन कामं शेजारणीकडे सरकवून मी ते रिकामं करून ठेवलं होतं. ‘अर्जदाराशी नातं आहे का’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. उरलंय का काही, तूच सांग.

पहिलं पान वाचलं. ‘या विमानाच्या पंखांच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन आहे. इंजिनांवरची पाती आकाशाकडे तोंड करून असताना विमान जागेवरून वर उठते. हवेत गेल्यावर इंजिने पुढे झुकवली की ते साध्या विमानासारखे पुढे जाते. उतरताना इंजिने पुन्हा उभी करावी लागतात.’ चार वाक्यं. एवढं घडवून आणायला आपण अकरा वर्षं घालवली. मिस्त्री लोक त्याला कलंडी म्हणायचे आणि तू त्यांना फैलावर घ्यायचीस. आता पुस्तिकेत त्याला चांगलं भारदस्त नाव दिसतंय. माझ्यासाठी ती कलंडीच.

नऊ आक्षेप काढलेत, सोबत जोडलेत. पान बारावर ‘योग्य वेळी’ म्हणजे कधी? पान एकतीसवर ‘हलकेच’ म्हणजे किती? हे सगळं तू दुरुस्त करशील, मी आणखी काढीन. मला वाचायला वेळच वेळ आहे. तुला नाही. एकतीस मार्चच्या आत परवाना मिळाला नाही तर हवाई रुग्णवाहिकावाली मंडळी दुसऱ्या कुणाचं तरी विमान घेणार, हे मला तुझ्याच अर्जातून कळलं. असं सगळं कागदावर लिहू नये गं.

माझी मागणी एकच. चौकशी अहवालाच्या चव्वेचाळिसाव्या पानावर लिहिलंय, ‘वैमानिकाने नियंत्रण कक्षाची सूचना उलट समजून इंजिने चुकीच्या दिशेला झुकवली. अपघात व एका सहकाऱ्याचा मृत्यू वैमानिकाच्या चुकीमुळे.’ तो वैमानिक माझा नवरा आहे. तू समितीला लिहून दे, की ‘त्याने सांगितलं तेच केलं, चुकीचा शब्द माझ्या तोंडून गेला.’ हवेत कोणते शब्द बोलायचे ते सांगणाऱ्या शब्दपत्रकाची चौथी आवृत्ती तू अपघाताच्या संध्याकाळी फिरून फिरून गोळा केलीस, पण एक प्रत माझ्याकडे राहिली. नऊ वर्षं ती का दाखवली नाही असं विचारशील, तर त्याने मला शपथ घातली होती.

तुझं पत्र समितीकडे पोचल्याचं कळलं की माझी सही होईल. तोवर वाचतेय.

तुझी शेपूट
(तुझ्यामागे फिरायचे म्हणून तूच ठेवलेलं नाव. दुसऱ्या नावाने मला तू कधी हाक मारल्याचं आठवत नाही.)


२३ जानेवारी

ताई,

उत्तर मिळालं. उत्तर कसलं, ‘आक्षेप १ ते ९ दुरुस्त केले आहेत. सुधारित पाने सोबत.’ खाली तुझी ती काटकोनातली सही. पाकीट झटकून पाहिलं, आणखी काही पडलं नाही.

चौदा नवे आक्षेप पाठवतेय.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात घोळतेय. आमचे साहेब नियमाचे पक्के आहेत. ‘तुमच्या तिसऱ्या मजल्यावरची ती बाई माझी सख्खी बहीण आहे’ एवढी एक ओळ तू त्यांना लिहिलीस तर मी त्याच दिवशी घरी. तू ती लिहीत नाहीस. म्हणजे तू घाबरली आहेस. मी गेले तर पत्रकाची प्रत घेऊन जाईन आणि चौकात उभी राहून वाचीन, हे तुला ठाऊक आहे. घाबर. मला बरं वाटतंय.

तो दिवस विसरली असशील तर आठवण करून देते. हवेत पहिल्यांदाच इंजिनं पुढे झुकवून पुन्हा उभी करायची होती. पुढे झुकली, छान गेली, कक्षात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरताना साठ फुटांवर इंजिनं अर्धीमुर्धी उभी झालेली असताना डावं थरथरायला लागलं. पडद्यावरची थरथरीची रेघ वर गेली आणि तू माइक ओढून घेतलास. टेपवर तुझा आवाज आहे, ‘सरळ कर, सरळ कर, सरळ.’ त्याच्या अंगठ्याखाली एक चाक होतं. ते मागे फिरवलं की इंजिनं उभी, पुढे ढकललं की पुढे. त्याने पुढे ढकललं. वेग नव्हता, पंख वजन पेलेना, आणि कलंडी साठ फुटांवरून पोटावर आली. त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला. मागच्या खुर्चीत बसलेला मोजणीवाला, जो आकडे टिपता टिपता आम्हा सगळ्यांच्या नकला करायचा, तो गेला.

चौकशीत ती टेप वाजवली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. ‘सरळ’ ऐकल्यावर अध्यक्षांनी नकळत स्वतःची पाठ ताठ केली. तिथेच निकाल लागला. सरळ म्हणजे ताठ, सरळ म्हणजे उभं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, मग या वैमानिकाला कसं कळलं नाही? तुला विचारलं, तू म्हणालीस, मला ‘उभी कर’ म्हणायचं होतं. त्याला विचारलं, तो म्हणाला, माझी समजण्यात चूक झाली. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस.

तो आता काय करतो, सांगते. गोदामात सामान उचलायच्या गाड्या असतात ना, पुढे दोन लोखंडी जिभा असलेल्या, त्या चालवायला शिकवतो. तीन मीटरच्या वर काही न्यायचं नाही असा तिथला नियम आहे. तो नियम तो डोळ्यांत तेल घालून पाळतो. मोजणीवाल्याची बायको, आपण वहिनी म्हणायचो त्या, बाजारात भेटतात, तो थांबून नमस्कार करतो, त्या भाजीवाल्याशी बोलत राहतात. गेल्या नऊ वर्षांत एकदाही त्यांनी मान वर केलेली नाही, आणि हा दर वेळी थांबतो.

आता तू ठरव.

शेपूट


११ फेब्रुवारी

ताई,

पुन्हा ‘सुधारित पाने सोबत’. ठीक आहे. अकरा आक्षेप पाठवतेय. पान अठ्ठावन्नवर मी समासात लिहिलंय, ‘हे लिहिणाऱ्याने विमान फक्त चित्रात पाहिलेले दिसते.’ कोण आहे तो? ऑफिसात बसून टाय सैल करणारा कुणी पोरगा ठेवला असशील. वाक्यं सुबक आहेत, तेवढंच.

तू बोलत नाहीस तर मीच बोलते. चौथ्या आवृत्तीत शब्द कसा बदलला गेला ते तुला माहीत नाही, आणि चौकशीत तू तो विषय निघूच दिला नाहीस, म्हणून ऐक.

नियम तूच घातला होतास. हवेत एका गोष्टीला एकच शब्द, त्याच्याबाहेरचं कुणी काही बोलायचं नाही. एक्केचाळीस शब्द होते. इंजिनं वर तोंड करून असली तर ‘उभे’, पुढे झुकली तर ‘आडवे’. कागदावर दोन्ही शब्द स्वच्छ. पण मिस्त्री लोक हसायला लागले. कुणी कामावर आलं नाही की म्हणायचे, कालपासून आडवा झालाय. चाचणीच्या पंख्याचं पातं तुटलं तेव्हा म्हणाले, घ्या, झाला आडवा. मोजणीवाला तर रेडिओवर मुद्दाम रडक्या आवाजात विचारायचा, ‘वैमानिक, आडवे होताय का? घरी कळवू का?’ सगळे पोट धरून हसायचे. माझा नवराही हसायचा. पण एकदा घरी पायमोजे काढता काढता म्हणाला, ‘तो शब्द कानात घेऊन वर जायला नको वाटतं. वेडेपणा आहे, पण नको वाटतं.’

मग शब्द बदलला गेला. पुढे म्हणजे नाकासमोर, नाकासमोर म्हणजे सरळ. ‘सरळ जा’ असं आपण वाट विचारणाऱ्याला सांगतोच की. चौथ्या आवृत्तीत सतरावा शब्द, ‘सरळ: इंजिने पूर्ण पुढे’. वैमानिकाला आणि मोजणीवाल्याला आठ दिवस तो घोकून घोकून पाठ करायला लावला होता. तुझा आवाज कानात आला आणि अंगठ्याने विचार न करता हुकूम पाळला. अशा वेळी डोकं मध्ये येऊ नये, म्हणून तर पाठांतर असतं.

त्याने चूक केली नाही. त्याच्याइतकं बरोबर त्या दिवशी कुणीच वागलं नाही.

शेपूट


२ मार्च

ताई,

या वेळी पानांबरोबर तुझ्या अक्षरात एक ओळ होती. ‘तू बरी आहेस ना?’

हे विचारायला तुला नऊ वर्षं लागली, आणि तेही आक्षेपांच्या यादीला टाचून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद फाडला, मग चिकटवला, कारण मागच्या बाजूला पान बेचाळीस होतं.

मागच्या पत्रात मी ‘शब्द बदलला गेला’ असं लिहिलं. आमच्या कार्यालयात असं वाक्य आलं की मी लाल पेनाने विचारते, कुणी बदलला? म्हणून स्वतःलाही विचारते. मी बदलला. पत्रकं माझ्याकडे होती, खाली ‘तयार करणार’ म्हणून माझंच नाव आहे. तुला हे माहीत आहेच, पण मी ते कधी तोंडाने म्हणाले नव्हते. आता म्हणाले.

म्हणून तू सुटतेस असं समजू नकोस. चौथ्या आवृत्तीवर मंजुरीची सही तुझी लागत होती. ती घ्यायला मी तुझ्या खोलीत यायला हवं होतं. मी का आले नाही? आठव. मंगळवारची बैठक, वीस माणसं बसलेली. मी म्हणाले, ताई, शब्दांची उजळणी करायला एक दिवस हवा. तू नकाशावरून मान न उचलता म्हणालीस, ‘शेपूट, शब्द तू सांभाळ, विमान मी सांभाळते.’ सगळे हसले. माझा नवरा सोडून सगळे हसले. त्यानंतर मी तुझ्याशी कामापुरतंही बोलले नाही. चौथी आवृत्ती तुझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली, वर तुझेच तीन नकाशे होते, त्यांच्या खाली. उड्डाणाच्या सकाळच्या बैठकीत ‘एक शब्द बदललाय’ एवढंच म्हणायचं होतं. माझ्यापासून तू चार हातांवर होतीस. मी मूग गिळून बसले. बघू दे स्वतःचं स्वतः, असं मनात म्हणाले. हे शब्द जसेच्या तसे आठवतात.

शपथ वगैरे काही नव्हती. त्याला माझ्याकडे प्रत आहे हेच माहीत नाही. मी ती दाखवली नाही, कारण खाली माझं नाव होतं.

आता तुझ्याकडे माझ्याविरुद्ध लेखी आहे. कर काय करायचं ते. पण तुझा शब्द तुझाच होता. पत्रकात ‘उभे’ असताना तुझ्या तोंडून ‘सरळ’ का गेलं? नियम घालणारीनेच तो मोडला, हे लिहून दे. मी पुस्तिका सोडत नाही.

शेपूट


१७ मार्च

ताई,

आज आक्षेप नाहीत.

शनिवारी पुस्तिका घरी आणली होती. जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. तो गोदामातून आला, काठी कोपऱ्यात टेकवली, पाणी प्यायला आणि माझ्या खांद्यावरून बघत उभा राहिला. मी झाकली नाही. इतके दिवस झाकत आले होते, कंटाळा आला.

‘हे वाक्य का खोडलंस?’ तो म्हणाला. पान अठ्ठावन्न.

‘मोघम आहे. आकडा नाही.’

‘त्या उंचीवर आकडा बघायला वेळ नसतो. तिथे एकच क्रियापद पाहिजे.’

‘तुला काय माहीत पुस्तिकेत काय पाहिजे?’

‘मीच लिहिलंय ते.’

मग त्याने समासातली माझी टीप मोठ्याने वाचली, विमान चित्रात पाहिल्याची, आणि हसला. खूप दिवसांनी पोटातून हसला. ताई, ते हसू मला सहन झालं नाही.

दर गुरुवारी तो पायाच्या व्यायामाला जातो असं मला सांगायचा. दोन वर्षं सांगत होता. मी त्याला टॉवेल आणि पाण्याची बाटली भरून द्यायचे. तो टॉवेल तुझ्या कारखान्यात तुझ्या खुर्चीवर वाळत असायचा. आणि मी लाल पेनाने ज्याची चामडी सोलत होते तो माझाच नवरा होता. एकूण चौतीस आक्षेप. तू ते सगळे त्याला दाखवलेस आणि त्याने एकेक करून दुरुस्त केले, आणि दर शनिवारी माझ्याच टेबलाशी बसून माझ्याबरोबर चहाही प्यायला. ताकास तूर लागू दिली नाही.

मी म्हणाले, ‘जिने तुझं नाव मातीत घातलं तिच्याकडे जातोस?’

‘त्यांनी नाही घातलं. मी घातलं.’

मग बसून सांगितलं. तो जसं सांगायचा तसंच, उड्डाणाचा अहवाल द्यावा तसं. ‘हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी ताई आल्या. पत्रकाच्या गोळा केलेल्या पाच प्रती घेऊन. म्हणाल्या, उद्या समितीला देते, चूक माझी आहे, ट्रेमधला कागद मी बघितला नाही. मी म्हणालो, देऊ नका. खाली हिचं नाव आहे, मंजुरीची सही नाही. चूक शब्दाची ठरली तर एक माणूस हिच्या नावावर जाईल. माझं उडणं तसंही संपलंय, माझ्या नावावर राहू दे. हिला ते पेलणार नाही.’

‘आणि ती काय म्हणाली?’

‘रडल्या. मग हो म्हणाल्या.’

मी रात्रभर त्याच टेबलाशी बसले. तो दोनदा म्हणाला, चहा करू का. 

तुझ्याविषयी नऊ वर्षं काय काय मनात आणलं होतं ते सगळं बसल्या जागी निकामी झालं. मला वाटलं, आता राग जाईल. गेला नाही. उलट त्याला नीट जागा मिळाली. एका खाटेशी बसून तुम्ही दोघांनी माझी ताकद ठरवलीत. ‘हिला पेलणार नाही.’ किती पेलतं ते मला कुणी विचारलं? मी तो कागद कपाटात ठेवून नऊ वर्षं झोपले नाही, आणि तुम्ही समजत होतात की मी सुखात आहे.

आणि तुला ते सोयीचं नव्हतं का गं? तुझ्या विमानाचा शब्दनियम कच्चा होता, हे बाहेर आलं असतं तर कलंडी तिथेच बंद पडली असती. वैमानिक चुकला म्हटल्यावर तिचं काम पुढे चालू राहिलं. रडलीस, मान्य. पण रडून झाल्यावर तू कारखान्यात गेलीस.

हे त्याने म्हटलं नाही. मी म्हणतेय.


२४ मार्च

ताई,

काल वहिनींकडे, मोजणीवाल्याच्या घरी, गेले होते.

त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मी म्हणाले, पाच मिनिटं. त्यांनी आत घेतलं. शिवणाचं मशीन, त्यावर अर्धवट शर्ट, भिंतीवर त्याचा फोटो, त्यातही गाल फुगवून कुणाची तरी नक्कल करतोय. मी पत्रक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सतरावा शब्द दाखवला. तुझ्या टेपवरचा शब्द सांगितला. ट्रेचं सांगितलं, मी चार हातांवर गप्प बसले ते सांगितलं. हॉस्पिटलातलंही सांगितलं. त्या शर्टाची बाही हाताने सरळ करत राहिल्या.

मग विचारलं, ‘म्हणजे यांनाही तो शब्द पाठ होता?’

मी हो म्हणाले. आठ दिवस आम्ही तिघं मिळून पाठ करत होतो.

‘मग यांना त्या वेळी वाटलं असेल, सगळं बरोबर चाललंय.’

मी म्हणाले, असेल.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. नंतर म्हणाल्या, ‘तुमचा नवरा बाजारात भेटला की नमस्कार करतो. मी नऊ वर्षं त्याला उत्तर दिलं नाही. दर वेळी घरी येऊन मला वाटायचं, बरं केलं. ज्याने केलं नाही त्याला मी शिक्षा देत होते, आणि तुम्हा तिघांना ते ठाऊक होतं?’

दोघांना, असं म्हणणार होते. मग आठवलं, कागद माझ्याच कपाटात होता. तिघांना.

चहा विचारला नाही. विचारायला नकोच होता. दारात म्हणाल्या, ‘हे मला सांगितलंत, आता सगळ्यांना सांगा. नाहीतर परत येऊ नका.’

तुझ्या आणि त्याच्या त्या चांगुलपणाचा हिशेब असा आहे, ताई. त्या बाईच्या मनात चुकीच्या माणसाचा द्वेष भरून ठेवलात आणि वर स्वतःला थोर समजलात. मलाही त्यात धरते.


२६ मार्च

ताई,

आज सकाळी अकरा वाजता मी साहेबांच्या टेबलावर तीन कागद ठेवले. पहिल्यात लिहिलंय, अर्जदार माझी सख्खी मोठी बहीण आहे, ही गोष्ट मी लपवली. दुसरं शब्दपत्रक, आवृत्ती चौथी, खाली माझं नाव आणि मंजुरीची रिकामी जागा. तिसऱ्यात चौकशी पुन्हा उघडण्याची विनंती, साक्षीदार तीन. तू, मी आणि तो. कुणी काय केलं आणि काय लपवलं ते कर्त्यासकट लिहिलंय. एकही वाक्य ‘केले गेले’ असं नाही.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, ‘बाई, तुमची वीस दिवसांत बढतीची मुलाखत आहे. अजून आवक शिक्का बसलेला नाही. हे घेऊन जा, मी बघितलं नाही.’ शिक्का त्यांच्या हाताशी होता. मी उचलला आणि तिन्हींवर मारला. जरा वाकडा बसला, पण बसला.

पुस्तिकेबद्दल वेगळं टिपण दिलंय. माझे चौतीसही आक्षेप मी मागे घेतले आणि लिहिलं, की इतकी स्वच्छ उड्डाण-पुस्तिका या कार्यालयात माझ्या काळात आलेली नाही. ते खरं आहे. अठ्ठावन्नावं पान मी चारदा वाचलं. पण माझा हात लागलेली फाइल आता नियमाप्रमाणे नव्या तपासनिसाकडे जाणार, पहिल्या पानापासून. चार महिने तरी. त्यात चौकशी उघडली तर आणखी. एकतीस मार्च पाच दिवसांवर आहे. रुग्णवाहिकावाले थांबणार नाहीत, आणि माझी नोकरीही राहणार नाही. सुरुवातीला तुला एकटीला पाडायचं होतं. तेव्हा मी फार थोड्यात समाधान मानत होते.

तू चिडशील. म्हणशील, त्याने दोन वर्षं घातलेली मेहनत मी मातीत घातली. म्हणशील, त्याला मोठ्या कष्टाने पुन्हा विमानाजवळ आणलं होतं. म्हणशील, निदान त्याला तरी विचारायचंस. त्याचं नाव, त्याचा पाय, त्याचं गुपित.

नाही विचारलं. तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं?

तो आता आत पुस्तिकेची प्रुफं तपासत बसलाय, पेन्सिल कानावर. पुढच्या गुरुवारी कोणता शर्ट घालू म्हणून मघाशी विचारत होता. त्याला अजून काही माहीत नाही. हे पत्र बंद केलं की आत जाऊन सांगणार आहे. तो ओरडणार नाही. अहवाल ऐकतो तसा ऐकेल आणि मग बराच वेळ भिंतीकडे बघेल, आणि मी समोर बसून राहीन, कारण त्याला पेलेल की नाही हे मी परस्पर ठरवलेलं नाही.